एक रेग्युलेटर, चार तऱ्हेच्या टाक्या: योक की डिन?

आमच्या डायव्हिंगच्या गटातली एक मैत्रीण तिचा नवा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब श्वास घेण्याइतका कमी करून देणारं उपकरण, घेऊन माझ्याकडे आली, ती तक्रार घेऊनच. नवा म्हणजे तिच्यासाठी नवा. वापरलेला होता, पण नुकतीच सर्व्हिसिंग झालेला, डिन जोडणीचा, म्हणजे आट्यांनी टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये फिरवून बसवायचा. गटाच्या १२ लिटरच्या स्टीलच्या टाकीवर तो व्यवस्थित बसत होता. तिच्या डायव्हिंगच्या जोडीदाराकडे १० लिटरची ३०० बारची टाकी आहे (बार हे दाबाचं एकक). तिच्यावरही रेग्युलेटर शेवटपर्यंत आवळला जायचा, चाकी पुढे फिरायची थांबायची, पण व्हॉल्व्ह उघडला की सांध्यातून सणसणत हवा सुटायची. सांधा बंद करणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, बदलून झाली, तरी तेच. शिवाय पुढच्या सफरीतल्या बोटीवर ॲल्युमिनियमच्या टाक्या मिळणार होत्या आणि त्यांचे व्हॉल्व्ह योकचे, म्हणजे बाहेरून चौकटीने आवळायच्या जोडणीचे होते. चौथी टाकी गटाने नायट्रॉक्ससाठी, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेसाठी आणलेली. तिच्या तोंडात हा रेग्युलेटर नुसताच सैल शिरायचा, आटे धरायचेच नाहीत.

"हा विकून योकचा घेऊ का? की दोन्ही ठेवू?" तिने विचारलं.

"रेग्युलेटर राहू दे बाजूला. आधी तू ज्या ज्या टाक्यांवर डायव्ह करणार आहेस, त्यांचे व्हॉल्व्ह बघू," मी म्हटलं.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण योक चांगला की डिन हा वाद जिथे तिथे रंगतो आणि त्यात टाकीचा विषय फार उशिरा निघतो. जोडणी म्हणजे दोन वस्तूंमधला सांधा. त्यातली एकच वस्तू हातात घेऊन तिची तारीफ करत बसलं की माणूस चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवतो. माझ्या मैत्रिणीचा रेग्युलेटर चारपैकी एकाच टाकीवर चालत होता, तरी त्यात बिघाड मात्र एकही नव्हता.

सांध्यात नेमकं काय होतं

योक म्हणजे एक चौकट. ती टाकीच्या व्हॉल्व्हवर वरून घालायची आणि मागचा पेच हाताने आवळायचा. पेचाचं टोक व्हॉल्व्हच्या पाठीवरच्या खळग्यात बसतं आणि रेग्युलेटरचं सपाट तोंड व्हॉल्व्हच्या तोंडावर दाबलं जातं. या दोन तोंडांमध्ये एक ओ-रिंग असते आणि ती व्हॉल्व्हच्या खोबणीत बसलेली असते, म्हणजे ती टाकीच्या मालकाची. याच जोडणीला ए-क्लॅम्प किंवा इंट असंही म्हणतात. युरोपीय मानकांनुसार तिची मर्यादा २३२ बार आहे.

डिनमध्ये चौकट नाही. रेग्युलेटरच्या तोंडालाच बाहेरून आटे असतात आणि ते व्हॉल्व्हच्या पोटात फिरवत न्यायचे. आटे पाच-अष्टमांश इंची पाइपच्या मापाचे, म्हणून त्यांना जी ५/८ म्हणतात. ओ-रिंग इथे रेग्युलेटरच्या नाकावर असते आणि ती व्हॉल्व्हच्या आत, तळाच्या बैठकीवर टेकते. तिच्या चहूबाजूंनी धातू असतो.

फरक कळायला थोडा हिशोब केलेला बरा. योकच्या व्हॉल्व्हवरची नेहमीची ओ-रिंग ०१४ मापाची, बाहेरचा व्यास साधारण १६ मिलिमीटर. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंटिमीटर. २०० बारच्या दाबाला त्यावर ४०० किलोच्या आसपास वजन ठेवल्याइतका जोर येतो, आणि तो रेग्युलेटरला व्हॉल्व्हपासून दूर ढकलत असतो. ३०० बारला हाच आकडा ६०० किलोच्या वर जातो. योकमध्ये हा सगळा ताण चौकटीच्या दोन पायांवर आणि मागच्या एका पेचावर येतो. चौकट किंचित का होईना, ताणली जाते. पेचाची चाकी डोक्यामागे बाहेर आलेली असते. तिला बोटीच्या कठड्याचा, शिडीचा किंवा खडकाचा तिरका फटका बसला तर दोन तोंडांमध्ये क्षणभर फट पडू शकते आणि ओ-रिंग तिथून बाहेर ढकलली जाते. डिनमध्ये तोच ताण आट्यांच्या पूर्ण घेरावर वाटला जातो आणि ओ-रिंगला पळायला वाटच नसते. बंदिस्त जागी, म्हणजे गुहेत, बुडालेल्या जहाजाच्या आत किंवा बर्फाखाली जाणारे लोक डिनचाच आग्रह का धरतात, ते यावरून लक्षात येईल. तिथून सरळ वर येता येत नाही, त्यामुळे सांधा फुटणं परवडत नाही.

म्हणून योक धोकादायक ठरतो का? अजिबात नाही. मोकळ्या पाण्यात, चांगली ओ-रिंग असलेल्या टाकीवर, नीट बसवलेला योक निर्धोक आहे. जगभर असंख्य लोक त्यावरच शिकतात आणि त्यावरच डायव्हिंग करत राहतात. तो पटकन बसतो, त्याला आटे नाहीत म्हणून आटे खराब व्हायचा प्रश्न नाही, आणि ओ-रिंग डोळ्यांसमोर असते, त्यामुळे चिरलेली असेल तर लगेच दिसते. "खरे डायव्हर डिनच वापरतात" असं नवख्यांना ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. त्यापायी नवखी माणसं गरज नसताना खर्चात पडतात आणि मग बोटीवर जाऊन अडून बसतात.

३०० बारची टाकी: गळायलाच हवं होतं

आता ती सणसणणारी हवा. मैत्रिणीच्या रेग्युलेटरचे आटे मोजले: पाच. पाच आट्यांचा डिन २३२ बारसाठी असतो, सात आट्यांचा ३०० बारसाठी. ३०० बारच्या व्हॉल्व्हचं तोंड मुद्दाम जास्त खोल केलेलं असतं. पाच आट्यांचा रेग्युलेटर त्यात फिरवला की त्याची चाकी व्हॉल्व्हच्या काठावर येऊन अडते, हाताला वाटतं की घट्ट झालं, पण ओ-रिंग तळाच्या बैठकीपर्यंत पोचलेलीच नसते. व्हॉल्व्ह उघडला की हवा बाजूने बाहेर. हा दोष नाही, ही योजना आहे. २३२ बारपुरता बनवलेला भाग ३०० बारवर कोणी लावू नये, म्हणून तो तिथे बंदच होत नाही.

उलट दिशेला मात्र चालतं. सात आट्यांचा रेग्युलेटर २३२ बारच्या व्हॉल्व्हवर बसतो. फक्त तळाला लवकर टेकतो, त्यामुळे थोडे आटे बाहेर दिसत राहतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की तिरका बसला किंवा अर्धवट राहिला, आणि तो पान्हा शोधायला लागतो. पान्हा लागत नाही. हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, बस्स.

या टाकीवरून आमच्याकडे थोडी वादावादी झाली. एकाने सुचवलं की जाड ओ-रिंग घाल, किंवा एकावर एक दोन घाल, म्हणजे फट भरेल. हे मी तिथेच थांबवलं. ओ-रिंग खोबणीत चहूबाजूंनी धरलेली असते तेव्हाच दाब सहन करते. फटीत लटकलेलं रबर ३०० बारला कधी उडेल ते सांगता येत नाही. कदाचित बोटीवर उडेल, कदाचित २० मीटरवर. दुसऱ्याने सुचवलं की टाकीचाच व्हॉल्व्ह बदलून २३२ चा बसवावा. तेही नको. ३०० बारची टाकी भरणारा माणूस टाकीच्या खांद्यावरचा आकडा बघून भरणार, व्हॉल्व्ह कमी ताकदीचा आहे हे त्याच्या ध्यानात येईलच असं नाही.

व्हॉल्व्ह बदलण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात जीव जाऊ शकतो. टाकीच्या मानेचे आटे वेगळे आणि रेग्युलेटरच्या जोडणीचे वेगळे. मानेला बहुतेक ठिकाणी एम २५ बाय २ हे मेट्रिक आटे असतात, पण अमेरिकी टाक्यांना आणि काही जुन्या टाक्यांना पाऊण इंची आटे असतात. मेट्रिकमध्ये एका आट्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर २ मिलिमीटर, तर पाऊण इंची आट्यांत इंचाला १४ आटे, म्हणजे सुमारे १.८१ मिलिमीटर. पाऊण इंच हे पाइपचं माप, प्रत्यक्षात ती मान मेट्रिकपेक्षा किंचित मोठी असल्यामुळे मेट्रिक व्हॉल्व्ह तिच्यात शिरतो, काही फेरे फिरतोही आणि बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आटे नीट गुंतलेलेच नसतात. भरताना दाब चढला की असा व्हॉल्व्ह गोळीसारखा उडतो. अशा अपघातांत माणसं दगावलेली आहेत. टाकीच्या खांद्यावर आट्यांचं माप कोरलेलं असतं, व्हॉल्व्हवरही असतं. दोन्ही वाचून जुळवल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नये, आणि खरं सांगायचं तर हे काम टाकी तपासणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडेच द्यावं.

खांद्यावरचं कोरीवकाम वाचायची सवय एरवीही कामाची आहे. जोडीदाराच्या टाकीवर कामाचा दाब ३०० आणि चाचणीचा दाब ४५० असे आकडे होते. गटाच्या टाकीवर २३२ आणि ३४८. दोन्हींत चाचणीचा दाब दीडपट. एक नजर टाकली की कळतं, कोणत्या तोंडाची अपेक्षा ठेवायची.

आता ३०० बारच्या टाकीने खरंच किती जास्त हवा मिळते? मैत्रिणीचा समज होता की १० गुणिले ३००, म्हणजे ३००० लिटर. इतकी मिळत नाही. दाब एवढा वाढला की हवा साध्या गुणाकाराप्रमाणे दबत नाही, आणि ३०० बारला १० लिटरच्या टाकीत सुमारे २७०० लिटर बसते. गटाची १२ लिटरची टाकी २३२ बारला कागदावर २७८४ लिटर दाखवते, प्रत्यक्षात २६५० च्या आसपास. म्हणजे दोन टाक्यांत जेमतेम फरक. वरून ३०० बारची टाकी पूर्ण भरायला तेवढ्या ताकदीचा कॉम्प्रेसर हवा. पुष्कळ ठिकाणी भरणी २०० ते २३२ बारलाच थांबते, आणि २०० बारला हीच टाकी १९०० लिटरच्या आसपास देते, बोटीवरच्या नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीहूनही कमी. ॲल्युमिनियमची ८० नावाची टाकी ११.१ लिटरची, २०७ बारला सुमारे २२०० लिटर हवा देणारी. ३०० बारच्या टाकीचा फायदा आहे तो आकाराचा: तेवढीच हवा कमी जागेत. हे गणित केल्यावर मैत्रिणीचा ३०० बारचा हट्ट बराच मवाळ झाला. पण जोडीदाराची टाकी अधूनमधून वापरावी लागणारच होती, म्हणून ती यादीतून काढली नाही.

बोटीवरच्या टाक्या

योकच्या टाक्यांची अडचण सगळ्यात जास्त लोकांना येते, आणि तिच्यावर दोन उपाय आहेत. त्यातला चांगला उपाय लोकांना माहीत नसतो.

तो असा. आजकाल बऱ्याच टाक्यांवर दुहेरी कामाचे व्हॉल्व्ह असतात. मुळात तो २३२ बारचा डिन व्हॉल्व्ह असतो, आणि त्याच्या तोंडात एक गोल इन्सर्ट पेचासारखा बसवलेला असतो. इन्सर्ट असेल तर योक चालतो, इन्सर्ट काढला की डिन. ओळखायची खूण सोपी: तोंडाच्या मध्यभागी ॲलन कीचं षटकोनी भोक दिसलं तर तो इन्सर्ट आहे, नुसतं बारीक गोल छिद्र दिसलं तर तो पक्का योक व्हॉल्व्ह. खिशात योग्य मापाची ॲलन की असली की डिनवाल्याचं काम झालं. ३०० बारच्या खोल तोंडाच्या व्हॉल्व्हला ही सोय नसते, तिथे योक लागावा अशी अपेक्षाच नाही.

इन्सर्ट काढण्याआधी व्हॉल्व्ह पूर्ण बंद असायला हवा. इन्सर्टला दोन ओ-रिंग असतात, एक समोर दिसणारी आणि एक मागे लपलेली. मागची ओ-रिंग इन्सर्टबरोबर बाहेर आली की आतच राहिली, हे बोट घालून आणि बॅटरी मारून बघायचं. ती आत राहिली आणि तिच्यावर डिन आवळला तर सांधा गळणार. योकवाल्यांनाही ही लपलेली ओ-रिंग छळते: समोरची दहादा बदलूनही गळती थांबत नाही, तेव्हा हवा बहुतेक इन्सर्टच्या मागून येत असते. खाऱ्या पाण्याने इन्सर्ट जाम झालेला असेल तर जोर करू नये, षटकोन घसरून गोल होतो आणि मग तो व्हॉल्व्ह कोणाच्याच कामाचा राहत नाही. डायव्ह झाल्यावर इन्सर्ट परत बसवून द्यायचा. भरणाऱ्याचा पाइप योकचा असू शकतो. शिवाय उघड्या तोंडाची टाकी आपटली तर तोंडाचा काठ चेपतो, तोंड अंडाकृती होतं आणि पुन्हा डिन त्यात फिरत नाही. इन्सर्ट आत असला तर तो काठाला आधार देतो.

दुसरा उपाय ॲडाप्टर. हा डिन रेग्युलेटरच्या आट्यांवर चढवायचा, मग रेग्युलेटरला योकची चौकट मिळते. पक्क्या योक व्हॉल्व्हवर याला पर्याय नाही, आणि ज्याच्याकडे डिन आहे त्याने तो जवळ ठेवावाच. पण त्याच्याबद्दलचा एक गैरसमज मी या प्रकरणात पुन्हा पाहिला. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे ॲडाप्टर लावला की कुठल्याही टाकीवर मला डिनची मजबुती मिळेल." नाही मिळणार. ॲडाप्टर लावला की टाकीशी होणारा सांधा योकचाच असतो: तीच चौकट, तोच बाहेर आलेला पेच, तीच टाकीची ओ-रिंग. वर ॲडाप्टर आणि रेग्युलेटर यांच्यातला डिनचा सांधा वेगळा. म्हणजे एका सांध्याऐवजी दोन, आणि जो कमजोर त्याच्यावर सगळं अवलंबून. ॲडाप्टरने टाकीवर बसण्याची सोय होते. डिनचे गुण त्यातून पलीकडे जात नाहीत.

दुसरी गैरसोय जागेची. ॲडाप्टरमुळे फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीला जोडायचा भाग, व्हॉल्व्हपासून आणखी दूर जातो आणि डोकं मागे केलं की त्याला लागतो. टाकी पट्ट्यात जरा खाली बांधली की हे सुटतं, पण ते डायव्हच्या आधी करून बघावं लागतं.

नायट्रॉक्सची टाकी

जिच्या तोंडात रेग्युलेटर सैल शिरत होता, तिचं गूढ फार नव्हतं. तिच्या व्हॉल्व्हला एम २६ बाय २ चे आटे होते. युरोपीय मानकांनी २२ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणासाठी ही वेगळी जोडणी ठरवली आहे. जी ५/८ चे आटे २३ मिलिमीटरच्या आसपासचे, ते २६ च्या तोंडात धरणार कसे? जास्त ऑक्सिजनच्या संपर्कात येणारी उपकरणं तेल आणि ग्रीसपासून स्वच्छ असावी लागतात, आणि साध्या हवेची उपकरणं चुकून तिथे लागू नयेत, हा या वेगळेपणाचा उद्देश. जगात बऱ्याच ठिकाणी ४० टक्क्यांपर्यंतच्या नायट्रॉक्ससाठी साधा योक किंवा डिनच वापरतात, त्यामुळे हा व्हॉल्व्ह पाहिलेलाच नाही असे अनुभवी डायव्हरही भेटतात.

यासाठीही ॲडाप्टर मिळतात. मी तिला घेऊ दिला नाही. तिचा रेग्युलेटर ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेला आहे असं कोणी लिहून दिलेलं नव्हतं, आणि वर्षातून एखाद्या डायव्हसाठी तो अडसर मोडून काढण्यात अर्थ नव्हता. गटाकडे त्या जोडणीचा रेग्युलेटर आहे. त्या टाकीवर तिने तोच घ्यावा, आणि आत काय भरलंय ते ॲनालायझरवर स्वतः मोजावं, असं ठरलं. चार टाक्यांपैकी एक अशी यादीतून वगळली तेव्हा उरलेला निर्णय सोपा झाला.

पर्याय मांडले तेव्हा

रेग्युलेटर विकून योकचा घेणं हा पहिला पर्याय. बोटीवर काहीच अडचण नाही, गटाच्या टाकीत इन्सर्ट बसवला की तीही चालली. ३०० बारची टाकी मात्र कायमची बंद. तिला फक्त सुट्टीत, फक्त बोटीवर डायव्हिंग करायचं असतं तर मी हाच पर्याय सुचवला असता आणि त्यात काही कमीपणा मानला नसता. एक सावधगिरी तेवढी सांगितली असती: दुहेरी कामाच्या काही व्हॉल्व्हचं अंग जाड असतं आणि जुन्या, अरुंद चौकटीचे योक त्यांच्यावर चढत नाहीत. वापरलेला योक घेताना चौकट तेवढी रुंद आहे ना, ते बघावं.

दोन रेग्युलेटर ठेवणं हा दुसरा पर्याय. तो मला पटत नाही, निदान सुरुवातीला तरी. दोन्हींची सर्व्हिसिंग, दोन्हींची निगा, आणि जो कमी वापरला जातो तोच नेमका ऐनवेळी दगा देतो.

तिसरा पर्याय आम्ही घेतला. आहे तोच फर्स्ट स्टेज ठेवायचा आणि त्याची पाच आट्यांची जोडणी काढून सात आट्यांची बसवायची. पुष्कळ मॉडेलांना उत्पादकाकडूनच हा भाग मिळतो. पण आधी विचारावं लागतं की त्या मॉडेलचा फर्स्ट स्टेज मुळात ३०० बारसाठी मान्य आहे का. आटे बदलले म्हणून आतल्या भागांची ताकद वाढत नाही. तिच्या मॉडेलला मान्यता होती. हे काम घरी पान्ह्याने करण्यासारखं नाही, जोडणी ठरावीक ताकदीने आवळावी लागते आणि नंतर दाबाची चाचणी घ्यावी लागते, म्हणून अधिकृत तंत्रज्ञाकडे दिलं. तिथेच एक गोष्ट ध्यानात आली: तिच्या दाबमापकाची तबकडी ३०० वरच संपत होती. पूर्ण भरलेल्या टाकीवर काटा टोकाला टेकून राहिला असता. तो बदलून जास्त मापाचा घेतला. जोडणी बदलताना मापक आणि उच्च दाबाचा होज कोणी बघत नाही, ते बघावेत.

योकच्या टाक्यांसाठी एक ॲडाप्टर, एक ॲलन की, आणि एका छोट्या डबीत योकच्या आणि डिनच्या अशा दोन्ही मापांच्या ओ-रिंग. टाकीची ओ-रिंग टाकीवाल्याची असली तरी सुटी ओ-रिंग आपल्याजवळ असावी, असं माझं मत आहे. बोटीवर ओ-रिंग संपल्या म्हणून डायव्ह चुकवणारे लोक मी पाहिले आहेत.

पुढे काय झालं

३०० बारच्या टाकीवर बदललेला रेग्युलेटर पहिल्याच खेपेला गपचूप बसला. व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, काटा वर गेला, टाकीचं तोंड पाण्यात बुडवून पाहिलं, एक बुडबुडा नाही. नंतर गटाच्या टाकीवर लावला तेव्हा थोडे आटे बाहेर दिसले आणि ती क्षणभर थबकली, पण टेकल्याचं हाताला कळलं.

बोटीवर टाक्या मिश्र निघाल्या. काहींच्या तोंडात षटकोन होता, काहींच्या नव्हता. तिने बोटीवरच्या माणसाला आधीच विचारून षटकोनवाल्या टाक्या बाजूला काढून घेतल्या. सहसा कोणी नाही म्हणत नाही, इन्सर्ट परत मिळाल्याशी त्यांना मतलब. त्या टाक्या संपल्यावर ॲडाप्टर लावला. तेव्हाच एका डायव्हला, ५ मीटरवर एकमेकांना तपासताना, जोडीदाराला तिच्या डोक्यामागून बुडबुड्यांची बारीक माळ दिसली. दोघी वर आल्या. गळती ॲडाप्टरच्या डिनच्या बाजूला नव्हती, टाकीच्या ओ-रिंगमधून होती: ती कडक झालेली, एका बाजूला चपटी. व्हॉल्व्ह बंद केला, सेकंड स्टेजचं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचं, बटण दाबून दाब सोडला, डबीतली ०१४ बसवली आणि पुन्हा खाली गेल्या. दाब सोडल्याशिवाय योकचा पेचही सुटत नाही आणि डिनची चाकीही फिरत नाही. तिथे जोर लावणारे लोक चाकी मोडतात.

त्या सफरीत तिची एक सवय बदलली, आणि मला ती जोडणीइतकीच मोलाची वाटते. पूर्वी ती टाकी हातात आली की थेट रेग्युलेटर लावायची. आता आधी तोंडात बघते, ओ-रिंगवर बोट फिरवते, व्हॉल्व्ह किंचित उघडून तोंडातलं पाणी आणि वाळू उडवते, मग लावते. डायव्हनंतर रेग्युलेटरची टोपी कोरडी करून घट्ट लावते. डिनच्या टोपीकडे खास बघावं लागतं, कारण तिच्यातल्या काही नुसत्या धूळ अडवतात, पाणी नाही. अशी टोपी लावून रेग्युलेटर बादलीत बुडवला तर गोडं पाणी थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं आणि आतून गंज सुरू होतो.

आता तिला जोडटाकीवर डायव्हिंग शिकायचं आहे: १२ लिटरच्या दोन टाक्या, २३२ बारच्या, मधल्या पाइपने जोडलेल्या, प्रत्येकीवर स्वतंत्र रेग्युलेटर. इथे निवडीचा प्रश्नच नाही, दोन्ही डिनच. डोक्यामागे दोन योकच्या चाक्या आणि त्यांत अडकणारी दोरी नको, आणि अडकलेल्या जागी हात मागे नेऊन व्हॉल्व्ह बंद करायची वेळ आली तर बोटांना मोकळी जागा हवी. २३२ बारच्या टाक्यांना खरं तर पाच आटेही पुरले असते. तरी दुसरा फर्स्ट स्टेज तिने त्याच मॉडेलचा, सात आट्यांचा घेतला, म्हणजे दोन्हींना सर्व्हिसिंगचे सुटे भाग आणि ओ-रिंग एकच लागतील आणि एक बिघडला तर दुसरा जोडीदाराच्या ३०० बारच्या टाकीवरही लागेल. जुना मापक तिने जोडटाकीसाठी ठेवला आहे, २३२ बारला तो पुरेसा आहे.